प्रकाशसंचयी संकुलाच्या मॉडेलमध्ये ऊर्जा भलत्याच रेणूवर स्थिरावते तेव्हा

तक्रार साधारण अशी असते. एखाद्या प्रकाशसंचयी (प्रकाश शोषून ऊर्जा पुढे नेणाऱ्या) प्रथिनाचा हॅमिल्टोनियन (रंगद्रव्यांच्या ऊर्जा आणि त्यांचे परस्परसंबंध मांडणारा मॅट्रिक्स) घेतला, बाथ (भोवतालच्या कंपनांचे औष्णिक वातावरण) जोडला, प्रोग्रॅम कुठलीही चूक न दाखवता चालला. पहिल्या दोन-तीनशे फेमटोसेकंदांतले हेलकावेही छान दिसतात. पण पाच-दहा पिकोसेकंदांनंतर ऊर्जा जिथे साठायला हवी तिथे साठत नाही. कधी सगळ्या रंगद्रव्यांवर सारखी पसरते, कधी वरच्या पातळीवर चढून बसते, कधी एखाद्या रेणूचा वाटा (ऊर्जा त्याच्यावर असण्याची शक्यता) शून्याखाली जातो. मग माणूस पुनर्रचना ऊर्जा (रेणू बाथशी किती जोडलेला आहे त्याचे माप) थोडी वाढवून पाहतो, कपलिंग (रेणूरेणूंतली जोड) थोडे कमी करतो, आणि आलेख प्रकाशित आलेखासारखा दिसू लागला की थांबतो.

तिथे थांबू नका. हा दोष पॅरामीटरचा क्वचितच असतो. बहुतेक वेळा तो बाथच्या सूत्रात, एककांत किंवा निवडलेल्या पद्धतीत असतो, आणि तो नेमका कुठे आहे हे मॉडेल स्वतःच सांगते. त्यासाठी त्याला एकच प्रश्न विचारायचा: तू कुठल्या तापमानाला स्थिरावलास?

आधी सापळा बंद करा

तपासणीच्या आधी अभिक्रिया केंद्राकडे ऊर्जा नेणारा सापळा आणि ऊर्जेचा ऱ्हास, दोन्ही शून्य करा. सापळा चालू असताना मॉडेल समतोलाला पोचतच नाही, त्यामुळे त्याचे तापमान विचारण्यात अर्थ नसतो. एफएमओ या प्रकाशसंचयी प्रथिनाच्या मॉडेलमध्ये सापळ्याचा वेग दर पिकोसेकंदाला एक आणि ऱ्हासाचा वेग दर नॅनोसेकंदाला एक असा घेण्याची पद्धत आहे. म्हणजे सापळा इतका वेगवान असतो की खालच्या पातळीवरचा वाटा तो सतत उपसत राहतो, आणि उरलेल्या वाट्यांचे गुणोत्तर पाहून काहीही निष्कर्ष काढता येत नाही.

सापळ्याचीही एक छोटी चाचणी याच वेळी उरकून घ्या. एकच रेणू घ्या, त्याला दर पिकोसेकंदाला एक या वेगाचा सापळा लावा आणि एक पिकोसेकंदानंतर किती उरले ते पाहा. ०.३६८ यायला हवे. ०.१३५ आले तर वेग दुप्पट धरला गेला आहे, ०.६०७ आले तर निम्मा. हॅमिल्टोनियनच्या कर्णावर काल्पनिक पद घालताना ते वेगाच्या निम्मे घालायचे असते, कारण ते पद आयामाला (अँप्लिट्यूडला) क्षीण करते आणि वाटा हा आयामाचा वर्ग असतो.

दोन रेणूंचा तापमापक

पूर्ण प्रथिनावर दोष शोधत बसू नका. दोन रेणू घ्या. मी एफएमओमधली पहिली दोन बॅक्टेरिओक्लोरोफिल घेतो, कारण त्यांचे आकडे या क्षेत्रात सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. हरित गंधक जीवाणूंमधले हे प्रथिन. फेना आणि मॅथ्यूज यांनी १९७५ मध्ये त्याची रचना मांडली, आणि अडोल्फ्स व रेंगर यांनी २००६ मध्ये काढलेला हॅमिल्टोनियन आजही सर्रास वापरला जातो. त्यातली पहिल्या साइटची (म्हणजे रेणूची) ऊर्जा १२,४१० प्रति सेंटिमीटर (वर्णपटशास्त्रातले ऊर्जेचे एकक), दुसरीची १२,५३०, आणि दोघांतले कपलिंग उणे ८७.७. बाथसाठी पुनर्रचना ऊर्जा ३५ प्रति सेंटिमीटर आणि स्मृतिकाल ५० फेमटोसेकंद घ्या. इशिझाकी आणि फ्लेमिंग यांनी २००९ मध्ये हेच आकडे वापरले होते.

आता कागदावर करायचे गणित. साइट-ऊर्जांतला फरक १२०. एक्सायटॉन पातळ्यांतले (कपलिंगमुळे दोन्ही रेणूंवर पसरलेल्या ऊर्जा-पातळ्यांतले) अंतर म्हणजे १२० चा वर्ग अधिक १७५.४ चा वर्ग, त्याचे वर्गमूळ: २१२.५ प्रति सेंटिमीटर. खालच्या पातळीत साइट १ चा हिस्सा ७८ टक्के, साइट २ चा २२ टक्के. ३०० केल्विनला बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान म्हणजे २०८.५ प्रति सेंटिमीटर, ७७ केल्विनला ५३.५. त्यावरून समतोलात खालच्या पातळीचा वाटा ३०० केल्विनला ०.७३५ आणि ७७ केल्विनला ०.९८ येतो. साइटच्या भाषेत सांगायचे तर साइट १ चा वाटा ३०० केल्विनला ०.६३ आणि ७७ केल्विनला ०.७७.

हे चार आकडे लिहून ठेवा आणि मॉडेल वीसेक पिकोसेकंद चालवा. मग डेन्सिटी मॅट्रिक्स (रेणूंची अवस्था सांगणारा मॅट्रिक्स) एक्सायटॉनच्या पायावर वळवून कर्णावरचे दोन वाटे वाचा. प्रभावी तापमान काढायचे सूत्र सोपे आहे: खालच्या वाट्याला वरच्या वाट्याने भागा, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या, आणि पातळ्यांतल्या अंतराला त्या लॉगरिदमने व ०.६९५ ने भागा. उत्तर केल्विनमध्ये मिळते.

या एका आकड्यातून किती कळते ते आता पाहू.

तापमान अनंत आले

दोन्ही वाटे ०.५. सात साइट असतील तर प्रत्येकी ०.१४३. ही सर्वांत नेहमीची तक्रार, आणि तिची कारणे दोन.

पहिले कारण म्हणजे तुम्ही हाकेन–श्ट्रोबल मॉडेल वापरत आहात, कदाचित तसे नाव न घेता. प्रत्येक साइटवर शुद्ध डिफेझिंगचा (नुसती लय विस्कटवणारा) लिंडब्लाड ऑपरेटर लावला की तेच मॉडेल तयार होते. त्यातला बाथ अभिजात गोंगाटासारखा असतो. तो रेणूला ऊर्जा देतो तितक्याच सहजतेने घेतो, त्यामुळे शेवट सारख्या वाटपातच होणार. २००८–०९ च्या सुमारास डिफेझिंगमुळे वहन सुधारते हे दाखवणाऱ्या कामांनी हे मॉडेल फार लोकप्रिय केले. त्या प्रश्नासाठी ते योग्यही होते, कारण तिथे सापळा ऊर्जा वेगाने काढून घेत होता. पण ऊर्जा कुठे स्थिरावते हा तुमचा प्रश्न असेल तर या मॉडेलकडे त्याचे उत्तर नाही. डिफेझिंगचा वेग तापमानाशी जोडून घेतला म्हणून मॉडेलला तापमान येत नाही. वेग कितीही बदलला तरी शेवट तोच राहतो.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. तुम्ही रेडफिल्ड समीकरण (बाथशी क्षीण जोड धरणारे गतीचे समीकरण) लिहिले आहे, बोस–आइनस्टाइन वाटपही (तापमानानुसार बाथची कंपने किती भरलेली ते सांगणारे) घातले आहे, तरी वाटे सारखे येतात. अशा वेळी बाथच्या पॉवर स्पेक्ट्रमचे (बाथ कोणत्या वारंवारितेला किती जोराने ऊर्जा देतो-घेतो याचे) फंक्शन उघडा आणि त्यात वारंवारितेचे निरपेक्ष मूल्य कुठे घेतले आहे का ते पाहा. बहुतेक वेळा ते सापडते. ऋण वारंवारितेला वर्गमूळ किंवा भागाकार बिघडतो म्हणून कोणीतरी तो उपाय केलेला असतो. पण खाली उतरण्याचा वेग ‘बोस वाटप अधिक एक’ या गुणकाने जातो आणि वर चढण्याचा वेग नुसत्या बोस वाटपाने, आणि या दोघांतला फरक ऋण वारंवारितेच्या बाजूनेच येतो. निरपेक्ष मूल्य घेतले की तो फरक पुसला जातो. योग्य लिखाणात स्पेक्ट्रल डेन्सिटी (बाथ कोणत्या वारंवारितेला किती जोडलेला आहे ते) विषम फंक्शन असते, म्हणजे ऋण वारंवारितेला तिचे चिन्ह उलटते, आणि बोस वाटपाचे सूत्र ऋण वारंवारितेलाही आहे तसेच वापरायचे असते. तपासणी एका ओळीची: अधिक २१२.५ ला स्पेक्ट्रमचे मूल्य भागिले उणे २१२.५ ला मूल्य. ३०० केल्विनला २.७७ यायला हवे. १ आले तर दोष सापडला.

शून्य वारंवारितेला काय करायचे, हाही प्रश्न इथेच येतो. तिथे स्पेक्ट्रल डेन्सिटी शून्य आणि बोस वाटप अनंत असल्याने प्रोग्रॅम भागाकाराची तक्रार करतो. तिथे सरळ शून्य टाकून मोकळे होणारे बरेच जण आहेत, पण त्यामुळे शुद्ध डिफेझिंग नाहीसे होते आणि हेलकावे अवास्तव लांबतात. खरी मर्यादा सांत आहे. ड्रूड–लॉरेन्झ स्पेक्ट्रमसाठी (बाथचे नेहमीचे एक रूप) ती पुनर्रचना ऊर्जा गुणिले औष्णिक ऊर्जा भागिले बाथचा कट-ऑफ (स्मृतिकालाचा व्यस्त), याच्या चौपट असते. वरच्या आकड्यांना कट-ऑफ १०६ प्रति सेंटिमीटर येतो आणि मर्यादा सुमारे २७५ प्रति सेंटिमीटर. तेवढी संख्या शून्याच्या जागी हाताने घाला.

तापमान ऋण आले

ऊर्जा वर चढते आहे. ३०० केल्विनला साइट १ वर ०.६३ ऐवजी ०.३७ दिसते, म्हणजे अचूक उलटे. हा फक्त चिन्हाचा प्रश्न आहे. धन वारंवारिता म्हणजे रेणूकडून बाथकडे जाणारी ऊर्जा की बाथकडून रेणूकडे येणारी, याबाबत पुस्तके आणि सॉफ्टवेअर एकमत नाहीत. क्यूटिप या क्वांटम गतीच्या सॉफ्टवेअरमधल्या ब्लोख–रेडफिल्ड सॉल्व्हरला धन बाजू उतरण्याची हवी असते. दुसऱ्या पुस्तकातून घेतलेले सूत्र तिथे जसेच्या तसे टाकले की ऊर्जा उलटी वाहते. एक उणे चिन्ह लावले की काम झाले.

तापमान सुमारे १,८८५ किंवा ४८ केल्विन आले

३०० ला दोन पायने (२π ने) गुणले किंवा भागले की हे आकडे मिळतात, म्हणजे एककांचा घोळ. प्रति सेंटिमीटरमधली ऊर्जा कोनीय वारंवारितेत बदलताना दोन पाय एका ठिकाणी लावला आणि दुसऱ्या ठिकाणी विसरला गेला. हॅमिल्टोनियन एका एककात, बाथचे तापमान दुसऱ्या एककात, असे झाले की बरोबर हीच संख्या मिळते.

दोन्हीकडे विसरला असेल तर तापमान बरोबर येते, पण काळ चुकतो. म्हणून त्याची वेगळी तपासणी हवी. बाथ बंद करून दोन रेणूंतला हेलकावा पाहा. ३३,३५६ ला पातळ्यांतल्या अंतराने भागले की आवर्तनाचा काळ फेमटोसेकंदांत मिळतो, २१२.५ साठी तो १५७ फेमटोसेकंद आहे. तुम्हाला एक हजाराच्या थोडे खाली, ९८६ च्या आसपास दिसत असेल तर दोन पाय गाळला गेला आहे. प्लांकचा न्यून स्थिरांक या एककांत ५,३०८.८ प्रति सेंटिमीटर फेमटोसेकंद असतो. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला तो एकदाच लिहा आणि सगळी रूपांतरे त्याच्यातूनच करा. क्यूटिपसारखी पॅकेजे तो १ धरून चालतात, म्हणजे त्यांना ऊर्जा कोनीय वारंवारितेतच हवी असते.

तापमान १५० केल्विन आले

निम्मे तापमान. बोस वाटप ज्या हायपरबोलिक कोटँजंटच्या रूपात लिहितात, त्याच्या आतला २ ने भागाकार राहिला आहे. सूत्रात ऊर्जा भागिले औष्णिक ऊर्जेच्या दुपटीचा कोटँजंट असतो. दुप्पट विसरली की मॉडेल निम्म्या तापमानाला थंड होते. ३०० केल्विनच्या आलेखात हे डोळ्यांना जाणवत नाही, उलट ऊर्जा खालच्या पातळीवर नीट साठताना पाहून समाधानच वाटते. प्रभावी तापमान काढल्याशिवाय हा दोष सापडत नाही.

तापमान बरोबर आले, तरी आकडे जुळत नाहीत

इथे दोष मॉडेलचा नसून तुलनेचा असू शकतो. बरेच जण साइटचे वाटे साइट-ऊर्जांच्या बोल्ट्झमन वाटपाशी ताडतात. वरच्या जोडीत ३०० केल्विनला त्या हिशेबाने साइट १ वर ०.६४ यायला हवे, आणि खरे उत्तर ०.६३ आहे. इतका कमी फरक असल्याने चुकीची तुलना खपून जाते. मग तोच प्रोग्रॅम ७७ केल्विनला चालवला की मॉडेल ०.७७ दाखवते आणि ताडून पाहण्याचा आकडा ०.९०, आणि लोक बरोबर असलेला प्रोग्रॅम दुरुस्त करायला घेतात. कपलिंग पुनर्रचना ऊर्जेपेक्षा मोठे असेल तर समतोल एक्सायटॉन पातळ्यांवर शोधायचा असतो. म्हणूनच मी प्रत्येक चाचणी दोन तापमानांना करायचा आग्रह धरतो. खोलीच्या तापमानाला बरेच दोष झाकले जातात.

वेग चुकतो पण शेवट बरोबर, अशीही स्थिती असते. तेव्हा स्पेक्ट्रल डेन्सिटीच्या व्याख्येकडे पाहा. तीन प्रथा प्रचलित आहेत. एकीत स्पेक्ट्रल डेन्सिटीला वारंवारितेने भागून शून्यापासून अनंतापर्यंत समाकलन केले आणि पायने भागले की पुनर्रचना ऊर्जा मिळते. दुसरीत पायने भागायचे नसते. तिसरीत, जी रेंगर यांच्या लेखनात भेटते, वारंवारितेने भागायच्या ऐवजी गुणायचे असते. एका शोधनिबंधातून सूत्र आणि दुसऱ्यातून आकडा घेतला की ३५ ची पुनर्रचना ऊर्जा नकळत ११० होते किंवा ११ वर उतरते. तुमच्याच फंक्शनचे संख्यात्मक समाकलन करून ३५ परत येते का ते बघा. समाकलनाची वरची सीमा पुरेशी लांब ठेवा, कारण ड्रूड–लॉरेन्झचे शेपूट फार सावकाश मरते.

पुनर्रचना ऊर्जा दोनदा मोजली गेली आहे का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. सगळ्या साइटना ती सारखीच असेल तर निर्धास्त राहा: एक-उत्तेजन पातळ्यांच्या सगळ्या कर्णावर तीच संख्या मिळवल्याने वाट्यांच्या गतीत काहीही बदलत नाही. याच कारणाने १२,२१० सारखी सामाईक संख्या सगळीकडून वजा करता येते, आणि तरंगफल (वेव्ह फंक्शन) पुढे नेत असाल तर ती जरूर करा, नाहीतर २.७ फेमटोसेकंदांच्या प्रकाशीय आवर्तनामागे धावताना पायरी विनाकारण बारीक ठेवावी लागते. पण साइटनुसार पुनर्रचना ऊर्जा वेगळी असेल, किंवा शोषण वर्णपट काढायचा असेल, तर मात्र साइट-ऊर्जा उभ्या संक्रमणाच्या (पुनर्रचना ऊर्जा धरून) आहेत की शून्य-शून्य संक्रमणाच्या (ती वगळून), हे मूळ निबंधात शोधलेच पाहिजे.

सात रेणूंवर गेल्यावर

दोन रेणूंची जोडी नीट चालली, पूर्ण प्रथिनावर पुन्हा बिघडली, असे झाले तर आधी कपलिंगची चिन्हे पाहा. दोन रेणूंत चिन्हाला काही महत्त्व नसते, तीन रेणूंत असते. प्रत्येक रंगद्रव्याच्या संक्रमण द्विध्रुवाची दिशा उलटी घेण्याची मुभा असते, आणि तशी घेतली की त्या रेणूची सगळी कपलिंग एकदम चिन्ह बदलतात. भौतिकी तीच राहते. पण तीन रेणूंच्या बंद फेरीतल्या तीन कपलिंगचा गुणाकार या बदलाने हलत नाही. एफएमओत १–२ साठी उणे ८७.७, २–३ साठी ३०.८ आणि १–३ साठी ५.५ आहे, म्हणजे गुणाकार ऋण. तुमच्या मॅट्रिक्समध्ये तो धन येत असेल तर कुठेतरी एकच चिन्ह सुटले आहे किंवा निरपेक्ष मूल्ये घेतली गेली आहेत. अशा फेऱ्या तपासायला दोन ओळींचा प्रोग्रॅम पुरतो.

कपलिंग स्वतः काढत असाल तर द्विध्रुव डिबायमध्ये आणि अंतर नॅनोमीटरमध्ये घेऊन गुणक ५.०४ असतो, उत्तर प्रति सेंटिमीटरमध्ये. अंतर ऑन्ग्स्ट्रॉममध्ये घेतले तर गुणक हजारपट. जांभळ्या जीवाणूंच्या एलएच२ प्रथिनातल्या बी८५० या रंगद्रव्यांच्या कड्यासारख्या ठिकाणी मात्र बिंदू-द्विध्रुवाचे सूत्र वापरूच नका. तिथे शेजारच्या रंगद्रव्यांतले अंतर रंगद्रव्याच्या स्वतःच्या आकाराइतकेच आहे, त्यामुळे रेणूभर पसरलेली संक्रमण-घनता धरणारी पद्धत हवी.

पुढची अडचण सेक्युलर अंदाजाची, आणि माझ्या मते ती सर्वांत कमी ओळखली जाते. पूर्ण रेडफिल्ड समीकरणात एखादा वाटा शून्याखाली जाऊ शकतो. तो गेला की लोक सेक्युलर अंदाज लावतात: वाटे आणि कोहेरन्स (अवस्थांमधले लयीचे नाते) यांचा संबंध तोडायचा, म्हणजे वाटे नेहमी धन राहतात आणि समतोलही तंतोतंत बोल्ट्झमनचा येतो. तापमापकाची चाचणी उत्तम पास होते. पण समजा दोन लांबचे रेणू आहेत, ऊर्जा सारखी, कपलिंग फक्त १ प्रति सेंटिमीटर. एक्सायटॉन पातळ्या काढल्या की त्या दोन्ही रेणूंवर निम्म्या-निम्म्या पसरतात, कपलिंग कितीही क्षीण असले तरी. सेक्युलर रेडफिल्ड त्या पातळ्यांतला कोहेरन्स चाळीसेक फेमटोसेकंदांत नष्ट करते, आणि कोहेरन्स गेला की पहिल्या रेणूवरची ऊर्जा अर्धी दुसऱ्यावर पोचलेली असते. एवढ्या क्षीण कपलिंगने ही उडी मारायला प्रत्यक्षात शेकडो पिकोसेकंद लागायला हवेत. मॉडेल हजारो पटींनी चुकते आणि समतोल मात्र निर्दोष दाखवते. प्रभावी तापमानाची चाचणी इथे आंधळी आहे, हे लक्षात ठेवा.

याचा शोध घ्यायला कपलिंग बदलून वेग मोजा. क्षीण कपलिंगच्या टोकाला वेग कपलिंगच्या वर्गाप्रमाणे घटायला हवा, तसे क्षीण कपलिंगमधल्या ऊर्जेच्या उडीबद्दलच्या फर्स्टरच्या १९४८ च्या सिद्धांतापासून माहीत आहे. कपलिंग निम्मे केल्यावर वेग चौथाई न होता जवळपास तोच राहिला तर सेक्युलर अंदाजाने घात केला आहे. उपाय म्हणजे रंगद्रव्यांचे गट पाडणे. पुनर्रचना ऊर्जेच्या मानाने भक्कम कपलिंग असलेले रेणू एका गटात, गटाच्या आत एक्सायटॉन आणि रेडफिल्ड, गटागटांत सामान्यीकृत फर्स्टर. वनस्पतींच्या एलएचसी२ प्रथिनाच्या एका मोनोमरमध्ये (एका घटकात) १४ क्लोरोफिल आहेत, ८ ‘ए’ आणि ६ ‘बी’ प्रकारची. त्या सगळ्यांवर एकच सेक्युलर रेडफिल्ड चालवणे म्हणजे असल्या खोट्या उड्यांना मोकळे रान देणे.

गट पाडल्यावर फर्स्टर कोणत्या रूपात वापरता तेही महत्त्वाचे. एलएच२ मध्ये बी८०० या दुसऱ्या कड्याकडून बी८५० कडे ऊर्जा साधारण एका पिकोसेकंदात जाते. कडे म्हणजे एकच मोठा द्विध्रुव असे धरून नेहमीचे सूत्र लावले तर वेग कमी येतो, कारण कड्याच्या ज्या पातळ्या प्रकाश शोषत नाहीत त्याही जवळच्या दात्याकडून ऊर्जा घेऊ शकतात. दूरवरून त्या अंधाऱ्या असतात, जवळून नसतात. म्हणून प्रत्येक दाता–ग्राहक पातळीची जोडी वेगळी घेऊन कपलिंग काढावे लागते.

वाटा शून्याखाली जातो आणि सेक्युलर अंदाजही लावायचा नाही, मग करायचे काय? प्रत्येक क्षणी डेन्सिटी मॅट्रिक्सचे सर्वांत लहान आयगेन मूल्य छापा. सुरुवातीच्या काही दहा फेमटोसेकंदांतच ते किंचित ऋण होऊन परत येत असेल, तर ती बाथच्या स्मृतीकडे दुर्लक्ष केल्याची किंमत आहे आणि उशिराचे निकाल बहुधा टिकतात. ते ऋणच राहत असेल तर रेडफिल्डची मर्यादा ओलांडली गेली आहे आणि टानिमुरा–कुबो यांची १९८९ ची हायरार्की समीकरणे (बाथची स्मृती पायरीपायरीने धरणारी), म्हणजे एचईओएम, वापरायला हवीत.

स्थिर अव्यवस्था सर्वांत शेवटी आणा. प्रथिनागणिक साइट-ऊर्जा थोड्या हलतात. प्रत्येक नमुन्याचा पूर्ण प्रवास काढून मग सरासरी घ्यायची असते, सरासरी हॅमिल्टोनियनचा प्रवास नव्हे. निबंधात दिलेली रुंदी ही अर्ध्या उंचीवरची असेल तर तिला २.३५५ ने भागल्यावर प्रमाण विचलन मिळते.

एचईओएमचा शेवट बोल्ट्झमनपासून हलतो तेव्हा

एचईओएमकडे आल्यावर तापमापक जरा वेगळा वाचावा लागतो. इथे समतोल रेणू आणि बाथ या दोघांचा मिळून असतो. नुसत्या रेणूंच्या हॅमिल्टोनियनवरून काढलेल्या बोल्ट्झमन वाटपापासून तो किंचित सरकतो, आणि एक्सायटॉन पातळ्यांत थोडा कोहेरन्स कायमचा उरतो. ३५ इतक्या पुनर्रचना ऊर्जेला हे सरकणे लहान असते, ऊर्जा वाढवली की वाढते. म्हणजे काही फरक खराच भौतिक असतो आणि तो ‘दुरुस्त’ करायचा नसतो.

खरा फरक आणि अपुरी हायरार्की यांत भेद कसा करायचा? पुनर्रचना ऊर्जा ३५ वरून १७, मग ८ वर आणा. भौतिक फरक तिच्याबरोबर शून्याकडे जातो. तसा गेला नाही तर हायरार्की अपुरी आहे. मग हायरार्कीची खोली (पायऱ्यांची संख्या) एकेकाने वाढवा आणि मात्सुबारा पदेही (निम्न तापमानाला बाथच्या स्मृतीत महत्त्वाची ठरणारी जादा पदे) एकेकाने वाढवा, पण दोन्ही एकदम नव्हे, नाहीतर कशामुळे काय बदलले ते समजत नाही. ३०० केल्विनला कट-ऑफ औष्णिक ऊर्जेच्या निम्माच आहे, त्यामुळे मात्सुबारा पदांशिवायही बरेच निभते. ७७ केल्विनला तोच कट-ऑफ औष्णिक ऊर्जेच्या जवळपास दुप्पट होतो, आणि पहिली मात्सुबारा वारंवारिता १,३१० वरून ३३६ प्रति सेंटिमीटरवर उतरून पातळ्यांतल्या अंतरांच्या जवळ येते. तिथे ती पदे किंवा निम्न तापमानाची दुरुस्ती अनिवार्य आहे. ७७ केल्विनला एचईओएमने ऋण वाटा दाखवला तर पहिला संशय इथेच घ्या.

हेलकावे किती लांब टिकतात यावरून मॉडेल पारखू नका, एवढी विनंती. २००७ मध्ये ७७ केल्विनला एफएमओच्या द्विमितीय वर्णपटात अर्ध्या पिकोसेकंदाहून जास्त टिकणारे लहरणे दिसले आणि अनेकांनी मॉडेल त्या लांबीला जुळवले. पुढच्या दशकातल्या प्रयोगांनी आणि विश्लेषणांनी दाखवले की टिकाऊ लहरणे मुख्यतः आण्विक कंपनांचे आहे, आणि दोन साइटमधला इलेक्ट्रॉनिक कोहेरन्स त्याहून खूप लवकर विरतो. तुमच्या मॉडेलमधले हेलकावे दोनशे-तीनशे फेमटोसेकंदांत विरत असतील तर त्यासाठी डिफेझिंग कमी करायची गरज नाही.

एवढे करूनही अडलात आणि कोणाची मदत घ्यायची असेल, तर पूर्ण प्रोग्रॅम पाठवण्यापेक्षा दोन रेणूंची जोडी पाठवा: दोन तापमानांना आलेले एक्सायटॉन वाटे, बाथ बंद असतानाचा आवर्तनकाळ, अधिक आणि उणे २१२.५ ला स्पेक्ट्रमची मूल्ये, आणि तुमच्या स्पेक्ट्रल डेन्सिटीतून परत मिळालेली पुनर्रचना ऊर्जा. एवढ्यावर दोष बहुधा पहिल्याच वाचनात सापडतो.